साक्षीदार क्रमांक तीनला विचारायचा राहिलेला प्रश्न

लॉजच्या चादरींच्या कोपऱ्यात निळा धागा असतो.

"कबूल करून टाक, संध्याकाळी घरी जाशील."

आत माणूस असेल तर कडीवर ओला टॉवेल.

घड्याळ पुरुषी होते, पट्टा तपकिरी.

"माझी पोर वेंधळी नव्हती, एवढं लिहून घ्या."

या न्यायालयाच्या टेबलावरचे हिरवे कापड आमच्याकडे धुवायला येते.

"विचारलं तेवढंच बोला, बाई."


प्रति,
मा. न्यायाधीश महोदय,
फौजदारी न्यायालय, कक्ष क्रमांक चार,
दुसरा मजला, जिन्यापाशी.

अर्जदार : साक्षीदार क्रमांक तीन, धंदा इस्त्रीचा.

विषय : मला साक्षीला पुन्हा बोलावून टॉवेलाबाबत एक प्रश्न विचारण्यात यावा याबाबत.

संदर्भ : (१) लॉन्ड्रीतील गरम खोलीत झालेल्या मृत्यूचा खटला. (२) माझी साक्ष, जी माझ्याच जुन्या शिक्षांमुळे अर्धी राहिली. (३) अर्जाच्या माथ्यावरच्या ओळी.

महोदय,

१. अर्ज 'प्रति' पासून सुरू करायचा असतो आणि त्याच्या वर काही लिहायचे नसते, हे न्यायालयाच्या फाटकापाशी टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले. "बाई, हा अर्ज आहे की किराण्याची यादी?" असेही त्यांनी विचारले. वरच्या ओळी काढल्या तरच टाईप करीन म्हणाले. मी काढल्या नाहीत. म्हणून अर्ज हस्ताक्षरात आहे. हस्ताक्षराबद्दल क्षमा असावी. ओळींबद्दल क्षमा मागत नाही. साक्षीच्या दिवशी माझे आयुष्य आपल्यासमोर असेच तुकड्यातुकड्यांनी वाचले गेले, तेव्हा कोणाला किराण्याची यादी आठवली नाही.

२. खटला थोडक्यात असा. मी ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करते तिथे हॉस्पिटलांच्या, लॉजांच्या आणि कचेऱ्यांच्या चादरी, पडदे, टॉवेल येतात. धुतलेले कपडे वाळवायला एक बंद खोली आहे. तिच्यात गरम वारा सोडतात. आम्ही तिला गरम खोली म्हणतो. तिचे दार नुसते लोटून मिटत नाही, वारा बाहेर जातो, म्हणून ते बाहेरून कडी लावून बंद करावे लागते. आतून उघडायला पूर्वी एक मूठ होती. ती तुटली. नवी बसवायची राहिली ती राहिलीच. आमच्यात एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत, कारण काम करताना ती तोंडातल्या तोंडात सतत काहीतरी गुणगुणत असे. ती चादरी काढायला आत गेली असताना मुकादमांनी बाहेरून कडी लावली. मशिनांच्या घरघरीत आतली हाक बाहेर येत नाही. दार उघडले तेव्हा ती चादरींच्या खाली सापडली. जिवंत नव्हती. मुकादम या खटल्यात आरोपी आहेत.

३. आता टॉवेल. लॉन्ड्रीत कोरडे टॉवेल जिथे तिथे पडलेले असतात, दाराच्या कडीवर, गाडीच्या दांड्यावर, माणसाच्या खांद्यावर. कोरड्या टॉवेलाला काही अर्थ नाही. ओला टॉवेल मात्र कोणी मुद्दाम भिजवल्याशिवाय कडीवर येत नाही. म्हणून गरम खोलीत जाणाऱ्याने टॉवेल भिजवायचा, पिळायचा, कडीवर टाकायचा आणि मग आत जायचे. त्याचा दुसराही उपयोग आहे. दारापाशी ऊब असते, त्यामुळे टॉवेल वाळत जातो. त्याच्या कडा कडक व्हायला लागल्या की जो कोणी जवळ असेल त्याने दार ठोकून आतल्याला बाहेर बोलवायचे. टॉवेल वाळायच्या आत माणूस बाहेर, असा आमचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही. चिमणीला तो मी शिकवला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ताई, त्यापेक्षा पाटी का नाही लावत?" मी म्हणाले, "पाटीला काय, माणूस बाहेर आला तरी ती तिथंच." ती हसली आणि त्यानंतर तिने एकदाही टॉवेल टाकायचे चुकवले नाही. उलट माझाच कधी राहिला तर मागून येऊन टाकायची आणि म्हणायची, "ताई, तुमची पाटी."

४. साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला विचारले, तुम्ही काय पाहिले. मी सांगितले ते असे: माझे टेबल गरम खोलीच्या समोर आहे. मुकादम आले, कडीवरचा टॉवेल उचलून माझ्या टेबलावर टाकला, कडी लावली आणि गेले. हे टाईप करून घेण्यात आले. त्याआधी माझे नाव, पत्ता, वय टाईप करून घेण्यात आले होते. वय मी अंदाजाने सांगितले, कारण माझ्या आईलाही ते नक्की माहीत नव्हते. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. वयाबाबत न्यायालयाचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, याबद्दल आभारी आहे.

५. मग मुकादमांचे वकील उठले. ते फार मऊ बोलतात. त्यांनी दाराबद्दल विचारले नाही, कडीबद्दल विचारले नाही, टॉवेलाबद्दल तर नाहीच. "बाई, तुम्ही पूर्वी एका लॉजवर कामाला होतात?" होते. "तिथल्या चादरी चोरल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली?" झाली. "नंतर एका घरी कामाला होतात?" होते. "तिथलं घड्याळ चोरल्याबद्दलही झाली?" झाली. मी म्हणाले, साहेब, घड्याळाचं असं आहे की... तेव्हा आपण म्हणालात, "विचारलं तेवढंच बोला, बाई." मागच्या बाकावर कोणी तरी हसले. वकील बसले. सरकारी वकील पुन्हा उठलेच नाहीत. व्हरांड्यात मला म्हणाले, "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. आता तुमच्या साक्षीवर मी काय भर देणार?" मी म्हणाले, "तुम्ही टॉवेलाचं विचारा ना." "कसला टॉवेल?" असे म्हणून ते पुढच्या खटल्याच्या फायली काखेत मारून चालते झाले.

६. माझ्यानंतर मुकादमांनी आपले म्हणणे मांडले. ते म्हणाले, "कडीवर टॉवेल होता, नाही कशाला म्हणू? पण कोरडा होता. ओला करायचा तिच्याकडून राहिला असेल. पोरगी जरा वेंधळीच होती." त्या वेळी चिमणीची आई समोरच्या बाकावर बसली होती. ती शिवणकाम करते, कमी बोलते. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पोर वेंधळी नव्हती, एवढं लिहून घ्या." पट्टेवाल्याने तिला खाली बसवले. लिहून घेतले गेले नाही. आता दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आहेत, निकाल बाकी आहे. मुकादम सुटले तर सुटतील, ते पाहणारे आपण आहात. पण सुटताना निकालात हे वाक्य येईल की मेलेली मुलगी आपल्याच हलगर्जीपणाने मेली, आणि ते शिक्क्यासह कायमचे राहील. चिमणीच्या आईला आपली पोर वेंधळी नव्हती या एका वाक्याखेरीज या न्यायालयाकडून काही नको आहे. म्हणजे अख्खा खटला आता एवढ्यावर येऊन ठेपला आहे की टॉवेल ओला होता की कोरडा. कडीवरून निघाल्यावर तो दोघांच्याच हातात होता. एक हात आरोपीचा. दुसरा माझा. आरोपीला सांगू दिले. मला विचारलेही नाही.

७. हा परिच्छेद माझ्या चांगुलपणासाठी राखून ठेवला होता. मी किती कष्टाळू, किती सुधारलेली, लॉन्ड्रीत आल्यापासून कोणाच्या रुमालालाही हात लावला नाही, असे लिहायला सुरुवात केली होती. खोडले. खटला माझा नाही.

८. चादरी मी घेतल्या होत्या. लॉजच्या चादरींच्या कोपऱ्यात ओळखीसाठी निळा धागा असतो. तो मी उसवला होता, पण एका चादरीचा राहून गेला. पोलिसांनी विचारले, मी हो म्हणाले. न्यायालयाने विचारले, मी हो म्हणाले. त्याच वेळी लॉजच्या स्वयंपाक्यालाही पकडले होते. त्याने भांडी नेली होती; मी स्वतः पाहिली होती. तो शपथेवर नाही म्हणाला आणि सुटला. जाताना मला म्हणाला, "अगं, तोंड असतं कशाला?" आज तो या पिंजऱ्यात उभा राहिला तर त्याला कोणी मागचे काही विचारणार नाही, कारण विचारण्यासारखे कुठे काही नोंदलेले नाही. माझे सरळ म्हणणे असे की न्यायालयात खरे बोलल्याची जी एक नोंद माझ्या नावावर आहे, तीच नोंद मी खोटारडी असल्याचा पुरावा म्हणून आपल्यासमोर वाचली गेली.

९. घड्याळ मी घेतले नव्हते. ते पुरुषी होते, पट्टा तपकिरी, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण त्या घरातले आजोबा ते रोज कुठे तरी विसरत आणि मी रोज शोधून देत असे. कधी न्हाणीघरात, कधी उशीखाली, एकदा तर साखरेच्या डब्यात. एक दिवस ते सापडले नाही. आजोबा म्हणत होते, "ती नाही घेणार रे." पण घरात माझ्या पहिल्या शिक्षेची कुणकुण लागली होती, मग संशय कोणावर घ्यायचा यावर खल करायची गरजच पडली नाही. मला सरकारकडून मिळालेल्या वकिलांनी फाईल न उघडताच सांगितले, "नाही म्हणालीस तर तारखांवर तारखा. कबूल करून टाक, संध्याकाळी घरी जाशील." घरी माझी सासू अंथरुणाला खिळलेली होती, तिला घोटभर पाणी द्यायला दुसरे कोणी नव्हते. मी उभी राहिले आणि म्हणाले, गुन्हा कबूल आहे. महोदय, न्यायालयात मी आजवर एकच खोटे बोलले आहे, ते हे. आणि न्यायालयाने माझे जे बोलणे पुराव्याशिवाय, उलटतपासणीशिवाय, मान वरही न करता खरे मानले, तेही हेच.

१०. यातून कायद्याची एक अडचण उभी राहते, ती आपल्या नजरेस आणून देणे कर्तव्य समजते. मुकादमांच्या वकिलांनी युक्तिवादात सांगितले की या बाईचा शब्द धरता येत नाही. ठीक आहे, धरू नये. पण घड्याळाच्या शिक्षेला माझ्या शब्दाशिवाय दुसरा टेकूच नाही. शब्द काढला की शिक्षा पडते. शिक्षा पडली की माझा शब्द उभा राहतो. शब्द उभा राहिला की कबुलीही उभी राहते, आणि तिच्यामागोमाग शिक्षा. कपडे पिळायच्या मशीनपाशी उभी राहून मी हे पुष्कळदा फिरवून पाहिले. ते थांबत नाही. न्यायालयाने ते कुठे तरी थांबवावे, नाहीतर मला तसा दाखला तरी द्यावा: 'सदर बाईने जे पाहिले ते घडले नाही असे समजावे.' खाली शिक्का. तो मी पिशवीत घडी करून ठेवीन. रस्त्यात कोणी गाडीखाली येताना दिसले तर दाखला दाखवून पुढे जाईन. शेजारच्या खिडकीतून धूर येताना दिसला तर आधी दाखला वाचून खात्री करून घेईन. आमच्या बॉयलरचा काटा लाल पट्ट्यावर गेला तर नव्या मुकादमांना सांगणार नाही. ज्याला कधी शिक्षा झाली नाही असा माणूस शोधून आणावा, त्याने काटा पाहावा, तोवर सर्वांनी जागच्या जागी थांबावे.

११. मागच्या डागांवरून आजची साक्ष ठरवायची असेल तर टॉवेलालाही पिंजऱ्यात उभे करावे. तू याआधी हॉस्पिटलात होतास, हे खरे ना? तिथे तुझ्यावर रक्त सांडले होते, हे खरे ना? पुढे एका लॉजमध्ये तुझ्याने बूट पुसले गेले, हे तू नाकारतोस का? मग त्या दिवशी तू ओला होतास की कोरडा, हे तुझ्याकडून कोण ऐकून घेणार? यावर आपल्याला हसू आले तर हरकत नाही, मला त्याची सवय झाली आहे. फक्त एवढे सांगते. आपल्या टेबलावरच्या हिरव्या कापडाला मी इस्त्री करते. त्यावर शाईचे डाग असतात, चहाचे असतात. काही जातात, काही मेले तरी जात नाहीत. तरी ते कापड आपल्या टेबलावर परत येते आणि त्यावर कागद ठेवून निकालांवर सह्या होतात. त्या निकालांना कोणी डागाळलेले म्हटल्याचे ऐकिवात नाही.

१२. एक गोष्ट मला मुकादमांचे वकीलही विचारणार नाहीत, कारण विचारली तर त्यांचाच पाय खोलात जाईल. ती मी आपण होऊन लिहिते. टॉवेल टेबलावर पडला तेव्हा तो बाजूला सारायला मी हातात घेतला आणि मुकादमांना विचारले, "आत कोणी आहे का?" कोरडा टॉवेल हातात आल्यावर कोणी असा प्रश्न विचारते का, हे कुठल्याही लॉन्ड्रीत जाऊन विचारावे. मुकादम म्हणाले, "चिमणी लॉन्ड्रीच्या मागच्या दारानं जेवायला गेली. मी स्वतः पाहिलं ना. तू इस्त्रीकडे बघ, चादर जळेल." मी इस्त्रीकडे बघितले. माझा हात एक सांगत होता, मुकादम दुसरे सांगत होते, आणि मी मुकादमांचे खरे धरले. ते धुतल्या तांदळासारखे होते, त्यांना कधी शिक्षा झाली नव्हती. मला दोनदा झाली होती. चोर ठरलेल्या बाईने आपल्या हाताला कळते त्यावर विसंबू नये, हे माझ्या अंगात तोवर इतके भिनले होते की ते मला कोणी वेगळे सांगावे लागले नाही. साक्षीदार पारखायची जी मोजपट्टी वकिलांनी आपल्या हातात दिली आहे, ती मी त्या दिवशी वापरून पाहिली आहे. तिचे फळ चादरींच्या खाली सापडले. तिने पुन्हा काही मोजू नये, यासाठी हा अर्ज.

१३. सबब विनंती अशी. निकालापूर्वी मला पुन्हा पिंजऱ्यात बोलवावे. माझ्या दोन्ही शिक्षा हव्या तर पुन्हा वाचाव्यात, या वेळी मोठ्याने, म्हणजे मागच्या बाकापर्यंत नीट जातील. मी उभी राहून ऐकीन. मात्र वाचून झाल्यावर कोणीही, सरकारी वकिलांनी, मुकादमांच्या वकिलांनी किंवा आपण स्वतः, मला एकच प्रश्न विचारावा: कडीवरून काढलेला टॉवेल तुमच्या हातात आला तेव्हा ओला होता की कोरडा? आणि मी जे सांगेन ते, पटो न पटो, टाईप करून घ्यावे. न पटल्यास तसे निकालात लिहावे, पण विचारून मग लिहावे. मला माफी नको, शिक्षा पुसून नकोत, जुना खटला उकरून काढायचा नाही. उत्तर मी या अर्जात देत नाही, कारण अर्जातले उत्तर पुरावा होत नाही असे सरकारी वकिलांनीच सांगितले आहे. शिवाय विचारलं तेवढंच बोलायचं, हा आपला हुकूम अजून माझ्यावर लागू आहे.

१४. या अर्जाचे काय झाले हे कळेपर्यंत सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून सुटल्यावर मी कक्ष क्रमांक चारच्या बाहेर बसेन. चिमणीची आई शिवण घेऊन रोजच बसते. पट्टेवाल्याने उठवले तर आम्ही जिन्यावर बसू. जिना सर्वांचा आहे.

नम्र आहे, पण उठणार नाही,
अशी आपली,

(सही)
साक्षीदार क्रमांक तीन

दिनांक : निकालाच्या आधीचा.

सोबत :
(१) माझ्या दोन्ही शिक्षांच्या नकला. मीच काढून आणल्या आहेत, कोणाला शोधायचा त्रास नको.
(२) चिमणीच्या आईच्या सहीचा कागद. त्यावर एकच वाक्य आहे, ते अर्जाच्या माथ्यावर आले आहे.
(३) टॉवेल जोडलेला नाही. तो त्याच आठवड्यात धुऊन, वाळवून, घडी करून कुठल्याशा हॉस्पिटलला गेला. घडी मीच घातली असेल.

टॉवेल ओला होता.